मंजुरी येईपर्यंत

विमा कंपनीने माझ्या सासूला फसवलं. सात वर्षं हप्ता घेतला, एकदाही तो उशिरा गेला नाही, आणि तिचं हाड मोडलं तेव्हा तिलाच खोटारडी ठरवलं. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते. पुढे मी माझ्याही चुका सांगणार आहे, आणि त्या वाचून कोणी कंपनीला मोकळं सोडावं असं मला वाटत नाही.

मी सुक्या मासळीची व्यापारी. पनवेलच्या बाजारात आज माझं पक्कं दुकान आहे, मागे राहायच्या दोन खोल्या आहेत, आणि घाटावरचे दुकानदार माल न बघता फोनवर सोडे, म्हणजे सुकी सोललेली कोळंबी, मागवतात. यातलं काहीही मला कोणी आयतं दिलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू उरणच्या बाजूच्या आमच्या गावाहून एसटीने टोपली घेऊन यायची आणि इथे रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरून बसायची. सासरे खाडीत बुडाले तेव्हा माझा नवरा चौथीत होता. त्या गोणपाटावर बसून तिने त्याला वाढवलं. मला तिने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शेजारी बसवलं.

तिने शिकवलेला धंदा असा. कोणी भाव विचारला की वरचा सांगायचा, आणि मग तोंड बंद. गिऱ्हाईक उठून चाललं तरी मान वर करायची नाही. बोंबील नीट लावत बसायचं. "येतो तो परत," ती म्हणायची. "आनि नाय आला तर त्याला घ्यायचंच नव्हतं." मी तिच्यापेक्षा तापट. पण गप्प बसणं मी तिच्याकडून शिकले. दुकानाचा गाळा घेताना बिल्डरच्या ऑफिसात मी तीन दुपारी नुसती बसून होते. माझा आकडा मी पहिल्या दुपारी सांगितला होता. तिसऱ्या दुपारी त्याने तो मान्य केला. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की थांबून मला काहीही मिळवता येतं.

विम्याचा एजंट आमच्याच बाजारात फिरणारा. किराणावाले, कापडवाले, सगळ्यांची कागदपत्रं त्याच्या बॅगेत. तो माझ्या दुकानात येऊन सोड्यांच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, आजींचा मेडिक्लेम आत्ताच काढा. अजून एक-दोन वर्षांनी कंपनी घेणार नाही."

मी म्हटलं, "हप्ता कमी कर."

"हप्ता छापील असतो, ताई. तो माझ्या हातात नाही."

"मग तुझ्या हातात काय आहे?"

तो हसला, पण मी हसले नाही. मग तो डोकं खाजवत म्हणाला की या वयाला कंपनी आधी वैद्यकीय तपासणी मागते. रक्त, लघवी, रक्तदाब, ईसीजीचा कागद. लॅबमध्ये एक सकाळ जाणार, खर्चही आपलाच. "वरच्या साहेबांना सांगून तेवढं माफ करून देतो."

मी लगेच हो म्हटलं नाही. मी त्याला दोन दिवस झुलवलं, आणि मग उपकार केल्यासारखं हो म्हटलं. तपासणी माफ झाली. मला वाटलं, मी जिंकले.

फॉर्म त्याने दुकानातच भरला. एकेक प्रश्न वाचत गेला. रक्तदाब? मधुमेह? दमा? कधी ऑपरेशन? सासू तराजूमागून गिऱ्हाइकाला सुका जवळा तोलून देत होती. तिने तिकडूनच सांगितलं, "काय नाय. लिव, काय नाय झालंय मला." ते खरं होतं. तोवर तिने तापाची गोळीसुद्धा घेतली नव्हती. अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि ती पुन्हा तराजूकडे वळली.

रक्तदाब निघाला तो त्यानंतर पाच वर्षांनी. उरण नाक्याजवळच्या आमच्या डॉक्टरांनी तपासला आणि सकाळची एक गोळी लिहून दिली. वहीच्या पानाएवढीही नाही, अशी बारीक चिठ्ठी. तिच्यावर तारीख होती की नाही, कोणी पाहिलं?

या डॉक्टरांकडे सासू कशी बोलायची, हे इथे सांगायला हवं. दोन दिवसांचा खोकला असला तर ती पंधरा दिवसांचा सांगायची. गुडघा सकाळपासून दुखत असला तर "दोन महिनं झालं" म्हणायची. मी एकदा बाहेर आल्यावर विचारलं, "आई, एवढं खोटं कशाला?"

"खोटं कुठं? वरचा सांगितला. डाक्टर आपला कमी करून धरतो," ती म्हणाली. "तू त्याला दोन दिस सांग, तो तुला पान्याची बाटली देल. पंधरा दिस सांग, मग नीट बघल."

आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्या असंच करतात. दुखणंही त्या भाव सांगितल्यासारखं वाढवून सांगतात, आणि समोरचा ते उतरवून घेईल असं धरून चालतात. आमच्या डॉक्टरांना ते माहीत होतं. ते ऐकायचे, मान हलवायचे आणि निम्म्याच्या निम्मं धरायचे.

ती पडली ती मे महिन्याच्या शेवटी. पावसाआधी लोक वर्षाची सुकी मासळी भरून ठेवतात, त्यामुळे आमच्याकडे दम घ्यायला फुरसत नसते. दुकानात पोत्यांची थप्पी होती. एका पोत्याची सुतळी सुटून खाली लोंबत होती, तिच्यात सासूचा पाय अडकला. ती उभ्याची आडवी झाली. आवाज मोठा झाला नाही. पण तिने उठायचा प्रयत्न केला तेव्हा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, आणि तो तिचा नसल्यासारखा तसाच पडून राहिला.

नवरा द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात ड्रायव्हर. तो यायच्या आत मी टेम्पोत गादी टाकून तिला हॉस्पिटलात नेलं. मोठं, नवं हॉस्पिटल. विम्याचं कार्ड चालतं, अशी दारावर पाटी होती, म्हणूनच तिथे नेलं.

दाखल करताना एक तरुण डॉक्टर आला. हातात पॅड, नजर पॅडवर. "आजी, कशा पडल्या? चक्कर आली होती का?"

सासू वेदनेने पांढरी पडली होती. तरी समोर डॉक्टर आहे एवढं तिला कळत होतं. "येतं ना चक्कर," ती म्हणाली. "लई येतं."

"किती दिवसांपासून?"

"दिस कसलं? बारा वरसं."

"बीपी आहे?"

"हाय ना. तेबी बारा वरसं."

तो लिहीत गेला. मी तिथेच तिच्या उशाशी उभी होते. मला थोडं हसूही आलं. म्हातारीचं हाड मोडलंय आणि भाव अजून वरचाच. म्हटलं, सांगू दे, नीट बघतील. मी त्याला थांबवलं नाही. सुतळीत पाय अडकला, बीपी दोन वर्षांचं आहे, एवढं सांगायला मला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नसता.

हाडांचे सर्जन संध्याकाळच्या आत आले. खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडली होती. त्यांनी फोटो उजेडाला धरून मला भेग दाखवली आणि सरळ सांगितलं, "ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलायचा. उद्या, फार तर परवा. या वयात माणूस जितके दिवस आडवा राहतो तितका उठायचा कमी होतो."

"उठतील ना?"

"लवकर केलं तर वॉकर धरून आठवड्यात उभ्या करतो."

तोवर पाय हलू नये म्हणून त्यांनी तिच्या पायाला पट्टी गुंडाळून, दोरी लावून, पलंगाच्या टोकाशी कप्पीवरून वजन सोडलं. सासूने मान उचलून त्या वजनाकडे पाहिलं. "किती किलोचं हाय?" तिने विचारलं. नर्सने सांगितलं. "बराबर वाटतं," सासू म्हणाली. हाताने वजन ओळखण्यात तिचा हात कोणी धरत नसे. आता पायाने ओळखत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कवा उठवशील गो मला? माल पडलाय."

"दोन दिवसांत, आई."

खाली विम्याच्या खिडकीवर एक मुलगी बसायची. तिने कार्ड घेतलं, फॉर्म भरला, डॉक्टरांचे कागद जोडले आणि सगळं कंपनीला फॅक्स केलं. "मंजुरी आली की लगेच घेतील, मॅडम. नाहीतर डिपॉझिट भरा, मंजुरी नंतर येईल तेव्हा परत मिळेल."

डिपॉझिट मोठं होतं. माझा पैसा मालात अडकला होता, हे खरं आहे. पण माझ्या हातात सोन्याच्या सहा बांगड्या होत्या आणि सराफ बाजारातच होता. एका तासाचं काम. ते मी केलं नाही. सात वर्षं मी हप्ता भरला तो कशाला? बांगड्या आज काढल्या तर कंपनी म्हणेल, बाई भागवते आहे, हिला घाई नाही. आणि नंतर परत देताना शंभर फाटे फोडतील. मी ठरवलं, मंजुरी घेईन आणि मगच ऑपरेशन. बिल्डर तिसऱ्या दुपारी वाकला होता. हे किती दिवस ताणतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा पहिला कागद आला. रुग्णाला बारा वर्षांपासून रक्तदाब आणि चक्कर असल्याची नोंद आहे, पॉलिसी सात वर्षांपूर्वीची, फॉर्मवर आजार नाही असं लिहिलं आहे, खुलासा करा.

मला तो कागद खिडकीवरच्या मुलीने मराठीत सांगितला. मी म्हटलं, "म्हातारीने वाढवून सांगितलं. बारा नाही, दोन."

"मग तसं डॉक्टरांकडून लिहून आणा."

तो तरुण डॉक्टर सुट्टीवर गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने सांगितलं की आधीच्या डॉक्टरच्या नोंदीत तो खाडाखोड करणार नाही. फार तर खाली लिहील की नातेवाईक असं म्हणतात. तसं लिहिलं. फॅक्स गेला. दुपारपर्यंत मी त्या मशीनजवळ उभी राहिले. मशीन खरखरलं की मी पुढे वाकायचे, आणि कागद दुसऱ्याच कुणाचा निघायचा.

संध्याकाळी मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज. हिंदीसाठी एक दाबा, अमुकसाठी दोन दाबा. मग एक पोरगी.

"मॅडम, आपकी फाइल प्रोसेस में है।"

"कौन देखता है फाइल? उसका नाम बोल."

"मॅडम, वो डॉक्टर्स की टीम देखती है।"

"टीमचं नाव नको. माणसाचं सांग. बुढी का पाय टूटा है, इधर वजन बांध के सोयी है. कौन है वो टीम में?"

"मैं आपकी बात आगे भेज देती हूँ, मॅडम। और कुछ सहायता कर सकती हूँ?"

मी फोन आपटला. माझं हिंदी रागात मराठी होतं, आणि त्या पोरीला काय कळलं असेल कोणास ठाऊक. पण मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. समोर माणूसच नसेल तर मी गप्प बसून कोणाला वाकवणार?

तिसऱ्या दिवशी दुसरा कागद. रक्तदाब पहिल्यांदा ज्या डॉक्टरांनी शोधला त्यांचं प्रमाणपत्र आणि पहिली चिठ्ठी द्या. मी उरण नाक्यावर गेले. दवाखान्याला कुलूप. डॉक्टर मुलाकडे, सुट्टीला. शेजारच्या औषधवाल्याने त्यांचा नंबर दिला, तो लागेना. घरी येऊन मी कपाट, पिशव्या, देवाच्या फोटोमागचा कोनाडा, सगळं उपसलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली, चिठ्ठी नाही. आणि तिथे जमिनीवर बसल्या बसल्या मला एजंटने माफ करून दिलेली तपासणी आठवली. सात वर्षांपूर्वी लॅबमध्ये एक सकाळ घालवली असती, तर आज माझ्या हातात छापील कागद असता. त्यावर तारखेसकट लिहिलेलं असतं की या बाईला रक्तदाब नाही. तो कागद मी स्वतः सौदा करून घालवला होता.

मी एजंटला फोन केला. "ये, आणि लिहून दे की तू तिला धडधाकट पाहिलीस."

"ताई, माझ्या लिहिण्याला काय किंमत? मी काय डॉक्टर आहे?"

"हप्ता नेताना होतास!"

"ताई, रागावू नका. वर बोलतो." मग तोही दोन दिवस फोन उचलेना.

परत हॉस्पिटलात आले तर सासूचा आवाज बदललेला. छातीत घरघर. नर्सने तिला कुशीवर घ्यायचा प्रयत्न केला की वजन बांधलेला पाय तिला किंचाळायला लावायचा, म्हणून ती पाठीवरच. टाच लाल झाली होती. कमरेखाली हात घातला तर कातडं गरम आणि ओलं लागलं. आणि तरी ती शेजारच्या बाईशी बोलत होती. शेजारणीने सांगितलं की तिच्या मुलाने पाच रुपयांची केळी दहाला आणली, तर सासू म्हणाली, "मी असती तर चारला आनली असती, आनि वर एक फुकाट."

माझा नवरा फार बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी त्याने मला जिन्यात थांबवलं.

"बांगड्या काढ."

"आज मंजुरी येईल. कागद सगळे गेलेत."

"काल बी तू हेच बोललीस."

"सात वर्षं भरलंय मी. फुकट सोडू? त्यांना तेच पाहिजे, आपण थकावं. मी नाही थकत."

"तू नाय थकत," तो म्हणाला. "पन पायाला वजन तिच्या बांधलंय."

मला राग आला. त्याच्याचवर. मी म्हटलं, दुकान मी उभं केलं, गाळा मी घेतला, मला धंदा शिकवू नका. तो जिना उतरून गेला. त्याच वेळी बांगड्या काढल्या असत्या तर? हा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला. मी स्वतःला त्यांच्याआधी आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळा विचारला आहे.

चौथ्या दिवशी सर्जन राउंडला आले, तिच्या छातीला नळी लावून ऐकलं, आणि मला बाहेर बोलावलं. "तुम्ही कशाची वाट बघताय?"

"मंजुरीची."

"मी आठवड्यात उभ्या करतो म्हणालो होतो. ते पहिल्या दिवशी म्हणालो होतो."

एवढंच बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले. मी खिडकीवर जाऊन त्या मुलीवर ओरडले. तिचा काही दोष नव्हता. तिने माझ्यासमोर तीनदा फोन लावला, आणि तिसऱ्यांदा तिलाही उत्तर मिळालं, फाइल प्रोसेसमध्ये आहे. दुपारी जेवायच्या वेळेला मशीन खरखरलं. तिने कागद ओढला, वाचला, आणि माझ्याकडे न बघता पुढे केला.

आधीपासून असलेला आजार लपवल्यामुळे दावा नामंजूर. रुग्णाला लवकर बरं वाटो ही शुभेच्छा.

शुभेच्छा होत्या त्यावर. खाली सही होती, वेटोळ्यासारखी, वाचता न येणारी. नाव नव्हतं. नुसतं "अधिकृत अधिकारी".

मी सराफाकडे पळत गेले. बांगड्या निघेनात, हात सुजले होते. त्याने साबण लावून काढल्या आणि गहाण ठेवून घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव विचारला नाही. तासाभरात डिपॉझिट भरलं. पण आता छातीत कफ होता, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एक दिवस थांबायला लावलं. पाचवा दिवस तसा गेला. सहाव्या सकाळी ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, सांधा उत्तम बसला आहे.

सांधा उत्तमच बसला होता. सासू उठली नाही. छाती भरलेली, अंगात ताकद नाही, कमरेखाली मुठीएवढी जखम. वॉकर आणला, दोघांनी धरून दोनदा उभं केलं, दोन्ही वेळा तिचे डोळे फिरले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "जरा दम घेऊ दे, मंग उठते." तो दम चार वर्षं चालला.

घरी आणल्यावर कळलं की पुढच्यासाठी कुठलाच कागद नसतो. विमा हॉस्पिटलात दाखल माणसाचा. घरी खाटेवर पडलेल्याला तो ओळखत नाही. जखमेची पट्टी बदलणारी नर्स, हवेची गादी, दिवसभर कुशी बदलायला ठेवलेली कोळीवाड्यातली बाई, व्यायाम करून घेणारा माणूस, यातलं काहीही कुणाच्या यादीत नव्हतं. मी पॉलिसीची सगळी पानं भाच्याकडून वाचून घेतली. म्हातारपणी माणूस मरत नाही, नुसता पडून राहतो, ही गोष्ट ते लिहिणाऱ्यांना माहीतच नसावी, किंवा फार चांगली माहीत असावी.

तिची खाट मी दुकानामागच्या खोलीत, दाराशी लावली. तिला गिऱ्हाइकांचा आवाज पाहिजे असायचा. मी भाव सांगितला की आतून ओरड यायची, "कमी सांगितलास! त्या बाईच्या पायात नवी चप्पल हाय!" गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचे. आणि रोज सकाळी, कुशी बदलताना, एकदा तरी ती विचारायची, "कवा उठवशील गो मला?" तक्रार म्हणून नाही. बस कधीची आहे असं विचारावं, तसं.

दावा का नाकारला, हे मी तिला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही बजावलं होतं. कंपनी चोर आहे, एवढंच तिला ठाऊक, असं मी समजत होते.

हप्त्याची तारीख जवळ आली तेव्हा एजंट आला. खरंच आला, बॅग घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, जे झालं ते वाईट झालं. पण पॉलिसी तोडू नका. या वयात परत कोणी देणार नाही. एवढं रिन्युअलचं बघा."

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाटेपर्यंत आणलं. मला त्याला दाखवायचं होतं. पट्टी, लघवीची नळी, गादी, सगळं. तो अवघडून म्हणाला, "आजी, कशा आहात?"

सासूने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बॅगेकडे पाहिलं. मग उशीवरून मान जमेल तितकी उचलली आणि स्पष्ट, गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाली, "बरी हाय. लिव. काय नाय झालंय मला."

"आजी..."

"चक्कर नाय. बीपी नाय. काय बी नाय. लिव ना! कागद काढ."

एजंट माझ्याकडे बघायला लागला. मी त्याचा हात सोडला. तेव्हा मला कळलं की तिला सगळं माहीत होतं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या तिने सगळं ऐकलं होतं. बारा वर्षं म्हणाली म्हणून हे झालं, हे तिने वर्षभर पोटात ठेवलं होतं. आयुष्यभर जिने वरचा भाव सांगितला ती बाई खाटेवरून कंपनीला खालचा भाव सांगत होती. स्वतःहून, कोणी न मागता, अगदी शून्यावर आली होती.

एजंट डोळे पुसत गेला. मी हप्ता भरला नाही. मी अलिबागला, जिल्ह्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. आमचे डॉक्टर सुट्टीवरून आल्यावर शपथेवर लिहून द्यायला तयार झाले. तारखांवर तारखा पडल्या. कंपनीचा वकील दर वेळी नवा, आणि दर वेळी फाइल विसरलेला. शेवटी निकाल माझ्या बाजूने लागला. वेदनेत असलेल्या म्हातारीच्या एका वाक्यावर आजार लपवला असं ठरत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पैसे मिळाले, व्याजासकट. ते मला नको होते असं मी म्हणणार नाही. मी बांगड्या सोडवल्या. पण निकाल आला तेव्हा सासूला जाऊन दोन महिने झाले होते. आणि त्या निकालात त्या पाच दिवसांबद्दल एक ओळही नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा आता मी विचारते. माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं आहे. तपासणी मी माफ करून घेतली. दाखल करताना मी गप्प राहिले. बांगड्या मी चार दिवस हातात ठेवल्या. हे मी माझ्या तोंडाने सांगितलं, आणि नवऱ्यासमोर रोज सांगते. कंपनीवाल्यांनो, तुमच्याकडे तिचा फॉर्म होता, आमच्या डॉक्टरांना शोधायला माणसं होती, आणि पलंगावर बाई वजन बांधून पडली आहे हे पहिल्याच कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद तुमच्यातल्या कुणाच्या तरी टेबलावर चार दिवस पडला. टीमच्या नाही. एका माणसाच्या.

त्या वेटोळ्याच्या सहीखाली ज्याचं नाव असायला हवं होतं, त्याने समोर यावं. खाट अजून दुकानामागच्या खोलीत, दाराशी आहे. तिथे बसावं, आणि चार वर्षं रोज सकाळी तिने मला जे विचारलं, त्याचं उत्तर द्यावं. ती मला विचारत होती, कारण समोर मी होते. प्रश्न तुझ्यासाठीही होता. कधी उठवणार होतास तिला?